पांढरी एक ते काळी चार

1983 साली आरसीए या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने केनी रॉजर्सला लिबर्टी कंपनीकडून आपल्याकडे ओढलं. त्यासाठी मोजलेली रक्कम त्या वेळच्या बातम्यांत दोन कोटी डॉलरच्या आसपास सांगितली जात होती. रॉजर्स तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. दाढी पांढरी झालेली, आवाज खरबरीत, गळ्याचा पल्ला बेताचा. तरीही एवढी रक्कम देण्यामागे हिशेब होता. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या या गायकाला कंट्री संगीताच्या श्रोत्यांनी 'ल्यूसिल' आणि 'द गॅम्बलर'पासून आपलं मानलं होतं, आणि 1980 मध्ये लायनेल रिचीने लिहिलेलं 'लेडी' गाऊन त्याने पॉपच्या यादीत सलग सहा आठवडे पहिला क्रमांक राखला होता. शेतावरच्या ट्रकमध्ये आणि शहरातल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, दोन्हीकडे ऐकला जाणारा असा आवाज तेव्हा अमेरिकेत फार थोड्यांचा होता. आता दिलेले पैसे वसूल व्हायला हवे होते, त्यामुळे नव्या कंपनीतला पहिलाच अल्बम चालणं भाग होतं.

त्या अल्बमची गाणी लिहिण्याचं आणि निर्मितीचं काम गेलं बॅरी गिबकडे. तो बी जीज या तीन भावांच्या गटातला थोरला. बॅरी, रॉबिन आणि मॉरिस या गिब बंधूंची त्या वेळची अवस्था समजून घेतल्याशिवाय 'आयलंड्स इन द स्ट्रीम' या युगुलगीताची व्यापारी कथा कळत नाही. 'सॅटर्डे नाइट फीव्हर'च्या तबकडीने 1978 मध्ये अमेरिकेत चोवीस आठवडे पहिला क्रमांक सोडला नव्हता. वर्षभरात वारं फिरलं. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. तबकडी घेऊन येणाऱ्याला अठ्ठ्याण्णव सेंटमध्ये प्रवेश होता. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. त्या रागाचा मोठा वाटा बी जीजच्या नावावर जमा झाला. रेडिओ स्टेशनं त्यांचा आवाज लावायला तयार होईनात. 1981 चा त्यांचा 'लिव्हिंग आइज' पडला. 1983 च्या उन्हाळ्यात 'स्टेइंग अलाइव्ह' या चित्रपटासाठी त्यांनी गायलेलं 'द वुमन इन यू' अमेरिकेच्या यादीत पहिल्या विसातही पोचलं नाही.

आवाजावर बंदी होती, पण लेखणीवर नव्हती. भावांनी दुसऱ्यांसाठी गाणी लिहायला सुरुवात केली. बार्बरा स्ट्रायसँडचं 'वुमन इन लव्ह' 1980 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, डिऑन वॉरिकचं 'हार्टब्रेकर' 1982 मध्ये गाजलं. ज्या स्टेशनांनी त्यांना दार लावून घेतलं होतं, त्याच स्टेशनांवर त्यांच्या चाली दुसऱ्यांच्या गळ्यातून दिवसभर वाजत होत्या. मला या टप्प्यावरचे बी जीज त्यांच्या झगमगाटाच्या दिवसांपेक्षा मोठे वाटतात. अपमान गिळून काम करत राहायचं आणि कामाचं श्रेय दुसऱ्याच्या चेहऱ्याला जाऊ द्यायचं, हे वयाच्या पस्तिशीत जगभर नाव झालेल्या माणसांना सोपं नसतं.

'आयलंड्स इन द स्ट्रीम' हे नाव त्यांनी हेमिंग्वेच्या, त्याच्या मृत्यूनंतर 1970 मध्ये निघालेल्या कादंबरीवरून उचललं. कादंबरीतला समुद्र, युद्ध, मुलं गमावलेला चित्रकार यांतलं काही गाण्यात नाही. चालीचा मूळ बाज रिदम अँड ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी प्रेमगीताचा. कंट्रीची खूण म्हणावी असं व्हायोलिन किंवा स्टील गिटार या गाण्यात शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. शब्दांबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. ओळी सुट्या करून वाचल्या तर त्यांत जीव कमी आहे. जीव आहे तो चालीत, आणि त्याहून जास्त ती कुणी आणि कशी वाटून घेतली यात.

रॉजर्सने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेली हकीकत अशी. तो हे गाणं एकटाच गात होता. चार दिवस झाले तरी जमेना. शेवटी त्याने बॅरीला सांगितलं की आता मला हे गाणं आवडेनासंच झालंय. बॅरी म्हणाला, याला डॉली पार्टन हवी. लॉस एंजेलिसमधला तो स्टुडिओ रॉजर्सच्याच मालकीचा, आणि रॉजर्सचा व्यवस्थापक केन क्रॅगन याने नुकतंच डॉलीला त्याच इमारतीत खाली पाहिलं होतं. तो तिला बोलवायला गेला. ती आली, गायली, आणि गाणं पालटलं. हकीकत इतकी चपखल आहे की सांगता सांगता तिला थोडी झिलई चढली असेल. पण तबकडी ऐकली की त्या हकिकतीवर विश्वास ठेवावासा वाटतो, कारण हे गाणं एकट्याला का जमत नव्हतं ते त्यात ऐकू येतं.

इथे थोडं पेटीच्या भाषेत बोलावं लागेल. आपल्याकडे भावगीतांच्या कार्यक्रमात युगुलगीत आलं की पेटीवाला आधी पट्टी कुणाची ते विचारतो. बायकांच्या पट्टीत बसवलं तर पुरुषाला टिपेला जावं लागतं, पुरुषांच्या पट्टीत बसवलं तर बाईंचा आवाज खर्जात दबतो. बहुतेक वेळा कुणीतरी एक जण सोसतो. बॅरी गिबने दोघांपैकी कुणालाच सोसायला लावलं नाही. गाणं सुरू होतं पांढरी एकमध्ये, रॉजर्सच्या आवाजात, बोलल्यासारखं खालच्या अंगाने. ध्रुवपद एकदा होऊन जातं. मग दुसऱ्या कडव्यासाठी डॉली पुढे येते तेव्हा पट्टी सरळ काळी चारवर गेलेली असते. पॉप गाण्यांत शेवटाकडे अर्धा-एक स्वर चढवून उत्साह आणायची रीत आहे, तिचा इथे संबंध नाही. ही उडी मोठी आहे आणि गाण्याच्या मध्यावर आहे. तिच्यामुळे डॉलीला स्वतःच्या घरात उभं राहून गाता येतं, आणि रॉजर्सला वरच्या जागांवर ताणून गावं लागतं. तो ताणच त्याच्या आवाजाला शोभतो. इतका वेळ निवांत असलेला माणूस आता काहीतरी मनापासून मागतोय असं वाटतं. ऐकणाऱ्याला पट्टी बदलल्याचं कळतही नाही, पण बाई खोलीत आल्याचं कळतं.

डॉलीला युगुलगीत नवं नव्हतं. टेनेसीच्या डोंगराळ सेव्हियर परगण्यातल्या बारा भावंडांतली ही मुलगी 1967 मध्ये पोर्टर वॅगनरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आली आणि सात वर्षं त्याच्या जोडीने गायली. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा, शब्दाचा शेवट त्याच्याबरोबर सोडायचा, आपला आवाज मोठा असूनही त्याचा झाकू द्यायचा नाही, हे कसब त्या वर्षांत अंगी मुरलं. त्या परंपरेतली युगुलगीतं बहुधा संसाराची असत. नवरा-बायकोचं भांडण, संशय, समेट. जॉर्ज जोन्स आणि टॅमी विनेट, कॉनवे ट्विटी आणि लोरेटा लिन यांच्या जोड्या त्यावर उभ्या होत्या. 'आयलंड्स'मध्ये भांडण नाही, संसारही नाही. दोन प्रौढ माणसं एकमेकांच्या सहवासाचा आनंद मोकळेपणाने सांगतात, एवढंच. दोघांचे संसार वेगळे होते आणि आमच्यात तसलं काही नव्हतं असं दोघेही आयुष्यभर सांगत राहिले. लोकांनी मात्र त्यांना मनातून जोडपंच मानलं.

योगायोगाच्या हकिकतीत एक गोष्ट झाकली जाते, ती कराराची. डॉली तेव्हा आरसीएचीच गायिका होती. रॉजर्स आरसीएत नुकताच आला होता. त्यामुळे तिला वरच्या मजल्यावर बोलावून गायला लावण्यात दुसऱ्या कंपनीची परवानगी आणि नफ्याची वाटणी यांचा खोळंबा नव्हता. रॉजर्सच्या आधीच्या जोडीदारणी पाहिल्या तर हेच दिसतं. डॉटी वेस्ट, किम कार्न्स, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला 'वुइव्ह गॉट टुनाइट'मध्ये गायलेली शीना ईस्टन, या तिघीही तेव्हा त्याच्याच कंपनीच्या किंवा तिच्या भगिनी कंपनीच्या होत्या. मनं कुठे जुळतात ते श्रोते बघतात, कागद कुठे जुळतात ते कंपनी बघते. बॅरीला तिचं नाव सुचलं ते संगीताच्या कारणानेच, पण ती दुसऱ्या कंपनीत असती तर ती तबकडी त्या ऑगस्टमध्ये बाजारात आली नसती.

1983 च्या ऑगस्टमध्ये सिंगल निघालं. अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं तेव्हा, आजच्यासारखीच, आपापल्या वाड्यांत वाटलेली होती. कंट्री लावणारी वेगळी, टॉप फोर्टी लावणारी वेगळी, आणि 'अ‍ॅडल्ट कंटेम्पररी' नावाखाली मध्यमवयीनांना सोसेल इतकं हळुवार लावणारी वेगळी. 'बिलबोर्ड' साप्ताहिक या प्रत्येकाची यादी छापत असे. 'हॉट 100' या मुख्य यादीसाठी रेकॉर्डच्या दुकानांचे विक्रीचे अहवाल आणि स्टेशनांचे वाजवणुकीचे अहवाल एकत्र करून क्रम लावला जाई. एका यादीत वर गेलेलं गाणं दुसऱ्या यादीत खालीच राही, ही नेहमीची गोष्ट. 'आयलंड्स' तिन्ही याद्यांवर पहिलं आलं. 29 ऑक्टोबर 1983 च्या 'हॉट 100'मध्ये त्याने बॉनी टायलरच्या 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट'ला खाली उतरवलं आणि दोन आठवडे जागा राखली. त्यानंतर आलं लायनेल रिचीचं 'ऑल नाइट लाँग'. म्हणजे रॉजर्सला 'लेडी' देणाऱ्या माणसानेच त्याला पायउतार केलं. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियातही गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये सातव्यावर थांबलं.

विक्रीचा आकडा त्याहून बोलका आहे. अमेरिकेत सिंगलला प्लॅटिनम मानांकन मिळायचं तर त्या काळी वीस लाख प्रती दुकानांकडे जाव्या लागत. ही अट 1989 मध्ये दहा लाखांवर आणली गेली, यावरून ती किती जड होती ते समजतं. 'आयलंड्स'ने त्याच वर्षी ती अट पुरी केली. आणि वर्ष कुठलं, तर 1983. एमटीव्ही सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' दुकानांत ठाण मांडून होता. 'बिली जीन', 'बीट इट', 'द पोलिस' या गटाचं आठ आठवडे हटायला तयार नसलेलं 'एव्हरी ब्रेथ यू टेक', युरिदमिक्सचं 'स्वीट ड्रीम्स' ही त्या वर्षाची पहिल्या क्रमांकाची गाणी. केशरी केसांच्या आणि यंत्रांच्या आवाजाच्या त्या बाजारात पांढऱ्या दाढीचा गडी आणि सदतीस वर्षांची बाई यांचं गाणं सगळ्यांच्या वर कसं बसलं?

मला वाटतं, एमटीव्हीने ज्याच्याकडे पाठ फिरवली होती तो श्रोता दुकानात जायला अजून तयार होता आणि त्याच्यासाठी कुणी फारसं काही आणत नव्हतं. तीस ते पन्नास वयाची, दिवसभर गाडीत रेडिओ ऐकणारी, डिस्कोच्या तालावर नाचून झालेली माणसं. त्यांना बी जीजची चाल मनातून आवडत होती, फक्त बी जीज आवडतात असं चारचौघांत म्हणायची सोय उरली नव्हती. केनी आणि डॉली या नावांनी ती सोय करून दिली. युगुलगीतांचा तो हंगामही होता. 'एंडलेस लव्ह', 'एबनी अँड आयव्हरी', 'अप व्हेअर वुई बिलाँग' ही सगळी आदल्या दोन वर्षांतली पहिल्या क्रमांकाची गाणी. दोन नावं आली की दोन श्रोतृवर्ग येतात, हे कंपन्यांना पाठ झालं होतं.

नॅशव्हिलला या यशाचा आनंद निर्भेळ नव्हता. कंट्रीच्या त्या राजधानीत पॉपशी सोयरिकीवरून जुना कलह होता. 1974 मध्ये पॉप गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला कंट्री म्युझिक असोसिएशनची सर्वोत्तम गायिका ठरवलं, तेव्हा चिडलेले कलावंत जॉर्ज जोन्स आणि टॅमी विनेटच्या घरी जमले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. पुढच्या वर्षी जॉन डेन्व्हरचं नाव पुरस्कारासाठी जाहीर करताना चार्ली रिचने मंचावरच ते पाकिटातलं कागदाचं चिटोरं लायटरने पेटवलं. रिच स्वतः पॉपच्या यादीत पहिला आलेला गायक होता, म्हणजे हा राग बाहेरच्यांपुरता नव्हता, घरातच धुमसत होता. 1980 च्या 'अर्बन काउबॉय' चित्रपटाने आणखी तेल ओतलं. 'सॅटर्डे नाइट फीव्हर'चाच जॉन ट्रॅव्होल्टा आता टेक्सासच्या गिलीज नावाच्या दारूगुत्त्यात टोपी घालून नाचत होता, आणि शहरातले लोक बूट विकत घेऊन कंट्रीचे भक्त झाले होते.

जुन्या मंडळींच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. 'आयलंड्स'नंतर नॅशव्हिलने तोच साचा उगाळला. मऊ कीबोर्ड, गुळगुळीत कोरस, आणि दोन प्रसिद्ध नावं. टोप्यांची हौस फिटली आणि विक्री घसरली. सप्टेंबर 1985 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने नॅशव्हिलचा सूर संपत आल्याचा लेख छापला, तो तिथे फार झोंबला. त्यानंतर रँडी ट्रॅव्हिस, ड्वाइट योकम यांच्यासारखे गायक व्हायोलिन आणि स्टील गिटार घेऊन परत आले आणि बाजार सावरला. पण नकलांचा दोष मूळ गाण्याच्या माथी मारणं मला पटत नाही. पन्नासच्या दशकापासून कंट्रीने पॉपकडून व्हायोलिनांचे ताफे घेतले, पॉपने कंट्रीकडून गोष्ट सांगण्याची हातोटी घेतली. डॉलीवर 1977 च्या 'हिअर यू कम अगेन'पासून विश्वासघाताचा आरोप होत होता. ती सांगत असे की मी कंट्री सोडून चाललेली नाही, ते बरोबर घेऊन चाललेय. 1987 मध्ये लिंडा रॉन्स्टाट आणि एमीलू हॅरिसबरोबर 'ट्रायो' करून तिने डोंगरातली जुनी गाणी गायली, तेव्हा ते म्हणणं शब्दांपुरतं नव्हतं हे सिद्ध झालं.

दोघांनी पुन्हा जोडीने गायलं. 1984 चा 'वन्स अपॉन अ ख्रिसमस' अल्बम खपला. 1985 चं 'रिअल लव्ह' कंट्रीच्या यादीत पहिलं आलं, पण पॉपच्या यादीत अगदी तळाशी रेंगाळलं. आवाज तेच, कंपनी तीच, दोनच वर्षांचं अंतर. मधल्या काळात पॉप स्टेशनांनी कंट्रीच्या नावांना दार लावून घेतलं होतं. ते किती घट्ट लागलं ते पुढे दिसलं. 'आयलंड्स'नंतर 'हॉट 100'वर पहिलं आलेलं पुढचं कंट्री गाणं म्हणजे लोनस्टार या गटाचं 'अमेझ्ड', तेही मार्च 2000 मध्ये. मध्ये सोळा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्याच काळात कंट्री गायक गार्थ ब्रूक्सच्या अल्बमची विक्री कोटींत जात होती. लोकप्रियता कमी नव्हती, मोजणीच आड येत होती. नव्वदीच्या दशकात नॅशव्हिलच्या कंपन्यांनी सिंगल दुकानात विकणं जवळपास थांबवलं, कारण लोकांनी पूर्ण अल्बम घ्यावा अशी त्यांची इच्छा होती. आणि दुकानात न निघालेल्या गाण्याला 'हॉट 100'मध्ये जागा नाही, हा नियम डिसेंबर 1998 पर्यंत होता. 'अमेझ्ड'ला नियम बदलल्याचा फायदा मिळाला.

गाण्याच्या पैशाची वाट वेगळीच आहे. गायकाला तबकडीच्या विक्रीतून वाटा मिळतो. गीत-चालीचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, आणि तो गाणं कुणीही गायलं तरी चालू राहतो. डॉलीला हे कुणाहूनही जास्त ठाऊक होतं. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' एल्व्हिस प्रेस्ली गाणार होता, पण त्याच्या व्यवस्थापकाने अर्धा हक्क मागितला म्हणून तिने ते दिलं नाही. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं आणि चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवलं, तेव्हा तो नकार डॉलीला भरभरून फळला. 'आयलंड्स'मध्ये मात्र ती पाहुणी गायिका होती, हक्क गिब बंधूंचा. 1998 मध्ये प्रासने 'गेटो सुपरस्टार' या रॅप गाण्यात ध्रुवपदाची चाल माया या गायिकेकडून नव्याने गाऊन घेतली. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला नाही, त्यामुळे जगभर चाललेल्या त्या गाण्यातून लेखकांना मिळालं, केनी-डॉलीच्या तबकडीला नाही. पुढे बी जीज स्वतःच्या मैफलींत 'आयलंड्स' गाताना त्या रॅपचे शब्दही त्यात मिसळू लागले. कृष्णवर्णीय संगीताच्या बाजाने सुचलेली चाल कंट्रीतून फिरून हिपहॉपमध्ये पोचली आणि तिथून लेखकांच्या गळ्यात परत आली.

रॉजर्स आणि डॉलीने ते शेवटचं एकत्र गायलं 25 ऑक्टोबर 2017 रोजी, नॅशव्हिलच्या ब्रिजस्टोन अरीनामध्ये, रॉजर्सच्या निरोपाच्या कार्यक्रमात. त्याचा आवाज तेव्हा पार थकला होता आणि ती त्याला सांभाळून घेत होती. मार्च 2020 मध्ये तो गेला.

1983 मध्ये सातव्यावर थांबवणाऱ्या ब्रिटनने उरलेल्या सहा पायऱ्यांची भरपाई पंचवीस वर्षांनी केली. वेल्समध्ये बॅरी आयलंड नावाचं समुद्रकाठचं ठिकाण आहे. 'गॅव्हिन अँड स्टेसी' या मालिकेतल्या दोन पात्रांच्या नावाने रूथ जोन्स आणि रॉब ब्रायडन यांनी, टॉम जोन्सला बरोबर घेऊन, कॉमिक रिलीफ या मदतनिधीसाठी हे गाणं नावात 'बॅरी' जोडून गायलं. मार्च 2009 मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. त्या तबकडीवर चौथा आवाज होता रॉबिन गिबचा, आणि या वेळी रेडिओने तो लावला.